शिक्षा नावाची ओळ

लू पुन्हा सुरू झाली आहे. ग्वाल्हेरला उन्हाळा म्हणजे ऊन नव्हे, लू, भाजून काढणारं वारं. सकाळची कामं आटोपेपर्यंत ती शहराबाहेर कुठंतरी दबा धरून बसलेली असते आणि मग एकदम गल्लीत शिरते. दारं आपटतात, दोरीवरचे कपडे पापडासारखे कडक होतात, नळाचं पाणी हाताला चटका देतं. लू लागू नये म्हणून बाहेर पडणारा माणूस अजूनही खिशात कांदा ठेवतो. मी शिकलेला आहे, माझा त्यावर विश्वास नाही, पण माझ्याही खिशात तो असतो. कूलरच्या जाळ्यांत नवा वाळा भरला आहे. त्याचा ओला, मातकट वास घरभर फिरतो आणि त्याच्यामागे मी फिरतो. या खोलीतून त्या खोलीत.

“एका जागी बसा हो थोडं,” बायको म्हणाली. “मला बघूनच चक्कर येतेय.”

बसतो म्हणालो. बसलो नाही.

विशूचा फोन आल्यापासून हे असं चाललं आहे. विशू म्हणजे विश्वास जाधव. माझा जुना सहकारी आणि त्याहून जुना मित्र. आता रायपूरला असतो. स्वेच्छानिवृत्ती घेतोय. त्याच्या नोकरीची सुरुवातीची वर्षं इथं, माझ्याच ऑफिसात गेली, आणि त्या वर्षांचा दाखला आमच्याकडून हवा आहे.

“तुझ्याकडे ते जुनं भूत अजून चालतं ना?” त्यानं विचारलं.

“चालतं.”

“बस, मग मी येतो. कागद काढून ठेव. आणि वहिनींना सांग, पन्हं घरचं पाहिजे. बाटलीतलं चालणार नाही, आत्ताच सांगतोय.”

ते जुनं भूत. त्याच्याबद्दल आधी सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

आमच्या ऑफिसात एके काळी एक मेनफ्रेम होता. एका हॉलभर पसरलेला संगणक. कपाटांएवढे त्याचे भाग, टेपची गरगर फिरणारी चाकं, आणि कागद ओकणारा एक छापखानाच म्हणावा असा प्रिंटर. सगळ्या कर्मचाऱ्यांच्या नोकरीच्या नोंदी त्याच्या पोटात. अख्ख्या इमारतीत एसी फक्त त्या हॉलला होता. त्यामुळे मे महिन्यात मोठ्या साहेबांना यंत्राची फार काळजी वाटायची. ‘मशीन ठीक तो है?’ असं विचारत ते दिवसातून कितीदा तरी येत आणि मशीनकडे पाठ करून गार हवेत उभे राहत.

मी ज्या उन्हाळ्याबद्दल बोलतोय, त्या उन्हाळ्यात ते यंत्र शेवटच्या घटका मोजत होतं आणि राज्यही. मध्यप्रदेशाचे दोन तुकडे व्हायचे ठरत आले होते. रायपूर नव्या राज्याची राजधानी होणार, आणि आमच्यासारख्या ऑफिसांतली काही माणसं तिकडे द्यावी लागणार. आमच्या लोकांना राज्यं बदलण्याची तशी सवय. आजोबा संस्थानच्या देवळात पुजारी होते. संस्थान विलीन झालं, मध्यभारत झाला, मग मध्यप्रदेश झाला. आजोबा तिथंच घंटा वाजवत राहिले. ते म्हणत, आपण कुठं हललो? राज्यच आपल्या खालून सरकलं. पण या खेपेला माणसांनाच हलायचं होतं, आणि कोणी हलायचं हे ठरवणारा प्रोग्राम त्या मरायला टेकलेल्या यंत्रावर होता. सुटे भाग मिळेनात. दुरुस्ती करणाऱ्यांनी येणं बंद केलं.

मग मी एक उपाय शोधला. शोधला म्हणजे सायबर कॅफेत बसून, तुटत्या फोनलायनीवर, तुकड्या-तुकड्यांनी उतरवून घेतला. इम्युलेटर. साध्या टेबलावरच्या संगणकात चालणारा एक प्रोग्राम, जो मेनफ्रेमचं सोंग घेतो. आतल्या जुन्या प्रोग्रामांना कळतच नाही की आपण ज्या घरात राहतोय ते घर खरं नाही. या धंद्यात बाहेरच्या खऱ्या यंत्राला यजमान म्हणतात आणि आत चालणाऱ्याला पाहुणा. पुजाऱ्याच्या घरातला मी, यजमान हा शब्द मला निराळ्याच अर्थानं माहीत. पण पाहुणा शब्द मला लगेच पटला. पिढ्यान् पिढ्या हिंदीच्या घरात राहून आपण दख्खनमध्येच आहोत असं समजणारी माणसं मी रोज पाहत होतो. त्यांत मीही होतोच.

हे सोंग उभं राहतं एका सेटिंग्जच्या फाइलीवर. अगदी साधी फाइल, कोणालाही उघडून वाचता येईल अशी. तू अमुक मॉडेलचा मेनफ्रेम आहेस. तुझी मेमरी इतकी. तुझं घड्याळ या वर्षापासून मोजायचं. या पत्त्यावर प्रिंटर, या पत्त्यावर पडदा, या पत्त्यावर ही डिस्क. एकेका ओळीत एकेक गोष्ट. यंत्र कशाचीही शहानिशा करत नाही. लिहिलंय ना, मग आहे. आणि ज्या ओळीच्या सुरुवातीला आडव्या-उभ्या रेघांची जाळी काढली असेल, ती ओळ यंत्र वाचतच नाही. ती फाइलीत असते, माणसाला दिसते, पण यंत्राच्या लेखी नसते. जाळी काढली की ओळ गप्प.

ते काम मला आवडत होतं, हे लपवून काय करू? बाहेर लू, हॉलमध्ये नुसती गुणगुण, पलीकडच्या टेबलावर विशू. आम्ही दोघं एकाच दिवशी नोकरीला लागलेले, एकाच दर्जाचे, थाटीपूरच्या सरकारी वसाहतीत शेजारी-शेजारी. तो मोठ्यानं हिंदी गाणी म्हणायचा, चुकीची म्हणायचा, आणि मी चूक दाखवली की, “तू यार तुझी फाइल बघ,” असं म्हणायचा. मधेच फालसे, ती आंबट जांभळी फळं, आणून माझ्या कळफलकावर ठेवायचा. त्या कळा नंतर कितीतरी दिवस जांभळ्या आणि चिकट होत्या.

जुन्या टेपांवरून सगळ्या डिस्का उतरवून झाल्या. प्रत्येकीला तिच्या पत्त्यावर बसवत गेलो, आणि शेवटी दोन डिस्का आणि दोन पत्ते उरले. वाटणीच्या प्रोग्रामला एका पत्त्यावर कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणाच्या नोंदी हव्या होत्या, दुसऱ्या पत्त्यावर ज्यांच्यावर खात्याची कारवाई झाली त्यांच्या. उरलेल्या डिस्कांची नावं होती ‘शिक्षा’ आणि ‘दंड’. नावं ठेवणारे दाते काका. प्रोग्राम त्यांनीच लिहिला होता, तोवर निवृत्त झाले होते. आमच्यातलेच, मराठी. माझ्या मुंजीत जेवलेले. त्यांची डिस्क म्हणून मी नाव मराठीत वाचलं. शिक्षा म्हणजे शिक्षा. ती कारवाईच्या पत्त्यावर. दंड म्हणजे वसुली-बिसुली काहीतरी असेल. ती उरलेल्या जागी. दोन्हींतल्या नोंदींची ठेवण सारखीच होती, त्यामुळे प्रोग्रामनं कुरकुर केली नाही. चालला. कच्ची यादी छापून आली तेव्हा हॉलमध्ये पेढे वाटले.

यादीत रायपूरला जाणाऱ्यांत विशूचं नाव होतं.

आमच्या दोघांपैकी एकाला जावं लागणार हे माहीत होतं. बाकी सगळ्यात आम्ही बरोबरीचे, तेव्हा प्रशिक्षण ज्याचं जास्त तो मुख्य ऑफिसात राहणार आणि कारवाई ज्याच्यावर जास्त तो जाणार, असा नियम होता. विशू हौसेनं भोपाळला जाऊन एकामागून एक कोर्स करून आला होता. मी काहीतरी निमित्त काढून टाळले होते. तरी गेला तो. आणि त्याच्यासारखेच, शिकून-सवरून आलेले, बाकी विभागांतले लोकही. विचित्र होतं, पण माणसाला विचित्र गोष्टीचं कारण चटकन सापडतं. आमचे हेडक्लार्क, बडे बाबू, पान लावता लावता म्हणाले, “सीधी बात है भैया, नए राज्य को पढ़े-लिखे आदमी चाहिए. गधे सब यहीं रहेंगे.” आणि माझ्याकडे पाहून हसले. सगळे हसले. विशू सर्वांत जास्त. एक-दोघांनी हरकती घेतल्या, तर त्यांना उत्तर मिळालं, ‘कम्प्यूटर ने निकाली है.’ त्यापुढे कोण काय बोलणार?

इथपर्यंत ती चूक होती. इथपर्यंत मी कोणालाही सांगू शकलो असतो, आणि लोक हसले असते.

खासगी बाजार नावाच्या पेठेत दाते काका भेटले. दुकानाच्या ताडपत्रीखाली उभे होते, डोक्यावर ओला पंचा, हातात टरबुजाची फोड. इकडचं तिकडचं बोलणं झालं आणि मी सहज, थट्टेनं म्हणालो, “काका, तुमच्या काळात ऑफिसात सगळे चोरच होते काय? केवढे लोक आहेत तुमच्या त्या शिक्षेत!”

“कसल्या शिक्षेत?”

“ती डिस्क हो. शिक्षा नावाची.”

“अरे, ते ट्रेनिंग! शिक्षा, हिंदीतली शिक्षा. पढाई-लिखाई. कारवाईवाले दंडमध्ये.”

“मला वाटलं, तुम्ही मराठीत...”

“वेडा आहेस का तू?” त्यांच्या हनुवटीवरून टरबुजाचा रस ओघळला. “घरी शिक्षा म्हणजे शिक्षा, ऑफिसात शिक्षा म्हणजे शिक्षा! नोकरी सगळी हिंदीत केली मी. मराठीत फक्त रागावलो.”

मीही हसलो. आम्ही दोघं त्या ताडपत्रीखाली पोट धरून हसलो. ते हसू घेऊन मी सायकलीवर बसलो आणि बाजार संपायच्या आत ते वाळून गेलं.

हरकती घ्यायची मुदत अजून होती. यादी कच्चीच होती. मी ऑफिसात आलो, फाइल उघडली आणि त्या दोन ओळींची अदलाबदल केली. शिक्षा प्रशिक्षणाच्या पत्त्यावर, दंड कारवाईच्या. प्रोग्राम चालवला. पडद्यावर नवी यादी आली. विशू ग्वाल्हेरला. मी रायपूरला.

इथं थांबून मी बरीच वर्षं स्वतःला कारणं देत आलो आहे. लग्न नवीन होतं. बायकोच्या शाळेतली नोकरी होती. वडील थकले होते. सगळं खरं आहे आणि त्यातलं एकही कारण नाही. कारण एवढंच की मला जायचं नव्हतं. संध्याकाळी थाटीपुरातून चालत निघायचं, ओळखीच्या माणसांना ओळखीचं हसायचं आणि घरी यायचं, एवढं माझं आयुष्य होतं आणि ते मला कोणाला द्यायचं नव्हतं. मी त्या बरोबर ओळींपुढे जाळी काढली. गप्प केल्या त्यांना. खाली जुन्या, चुकलेल्या ओळी पुन्हा लिहिल्या आणि फाइल जपून ठेवली.

“काय रे, अडलं का काही?” पलीकडून विशूनं विचारलं. त्याच्या तोंडात फालसे होते.

“नाही. चालतंय.”

हा एक शब्द. चालतंय. तेव्हापासून कोणी ‘कसं काय चाललंय’ म्हटलं की माझ्या जिभेवर ती आंबट चव येते.

विशू गेला. कागदोपत्री राज्य दुभंगायच्या आधीच आमच्या हॉलमधली खुर्ची रिकामी झाली. पण त्याची आई गेली नाही. तिचा नवरा बिर्लानगरच्या मिलमध्ये होता; मिल बंद पडली, तो वारला, तरी तिथल्या बायकांत तिचा जीव होता. “रायपूर म्हणजे कुठं आलं?” ती म्हणायची. “मला तिथं मेलेलं कोण ओळखणार?” सरकारी क्वार्टर सोडावा लागला तेव्हा ती बिर्लानगरला एका खोलीत जाऊन राहिली. विशूनं जाताना माझे दोन्ही हात धरले. “तू आहेस म्हणून जातोय मी. नाहीतर गेलोच नसतो यार.”

मी रविवारी जायचो. भाजी, औषध, घासलेट. काचबिंदूनं तिची नजर हळूहळू गेली. सुरुवातीला मी दारातूनच नाव सांगत असे. मग एका उन्हाळ्यात, अशाच लूच्या दुपारी, तोंडावर पंचा बांधून मी दार ढकललं आणि आतून तिनं विचारलं, “विशू?”

घसा कोरडा होता. मी म्हणालो, “हो.”

खरंच, पहिल्यांदा ते फक्त घशामुळे झालं. नाव सांगायला मोठं होतं, ‘हो’ लहान होतं. पण तिचा चेहरा मी पाहिला. त्यानंतर तिच्या बऱ्या दिवसांत मी मी असायचो आणि वाईट दिवसांत विशू. त्याच्यासारखं चुकीचं गाणं म्हणायचो. त्याच्यासारखं प्रत्येक वाक्यात ‘यार’ घालायचो, आणि ती म्हणायची, “आईला यार म्हणतात का रे?” तिनं कधी शहानिशा केली नाही. ‘हो’ म्हटलं ना, मग आहे.

शेवटच्या दुपारी विशू गाडीत होता, वाटेत कुठंतरी. तिनं माझं मनगट धरलं. म्हणाली, “आता परत जाऊ नकोस रायपूरला.”

मी म्हणालो, “नाही जात, आई.”

शेजारच्या बायकांनी ते ऐकलं होतं. विशू पोचल्यावर त्यांनी त्याला सांगितलं, आणि तो भर गल्लीत माझ्या गळ्यात पडून रडला. तेव्हापासून दरवर्षी दिवाळीला त्याचा फोन येतो आणि दरवर्षी तो तेच म्हणतो, तू होतास म्हणून. मला त्या फोनची भीती वाटते. दिवाळी जवळ आली की मी फोन दुसऱ्या खोलीत ठेवतो, आणि मग तो वाजला का बघायला त्याच खोलीत येरझारा घालतो.

आणि आता हा दाखला.

परवा ऑफिसात कपाटातून तो जुना संगणक काढला. झटकला. पंखा घरघरला, पण लागला. इम्युलेटर सुरू केला, विशूची नोंद मागवली. कागद आला. त्यात लिहिलं होतं: विश्वास जाधव, प्रशिक्षण काही नाही, कारवाया अनेक. भोपाळचा एकेक कोर्स एकेक गुन्हा होऊन ओळीनं उभा होता. यंत्राच्या लेखी तो इतकी वर्षं गुन्हेगारच होता. कोणी विचारलं नव्हतं म्हणून यंत्रानं सांगितलं नव्हतं.

फाइल उघडली. चुकलेल्या दोन ओळी. त्यांच्या वर, जाळीमागे, बरोबर दोन ओळी. मीच ठेवलेल्या, जशाच्या तशा. खालच्या ओळी पुसायच्या, वरच्यांपुढची जाळी पुसायची. कागद स्वच्छ निघणार होता. विशू कागद घेणार, पन्हं पिणार, ‘तू होतास म्हणून’ म्हणणार आणि जाणार. कोणाला काही कळणार नव्हतं. बडे बाबू नाहीत, दाते काका नाहीत. मी ओळी नीट केल्या. नवा कागद काढला. मग पहिला, चुकीचा कागद फाडायला घेतला, आणि तो माझ्यानं फाडवेना.

मग विशू आला. केस पांढरे, पोट सुटलेलं, आवाज तोच. दारातूनच, “वहिनी, पन्हं!” कूलरसमोर पाय पसरून बसला, शर्टाची वरची बटणं काढली. “काय लू आहे यार. रायपूरलाही गर्मी असते, पण ही तर जान घेते.” पहिला पेला त्यानं एका दमात संपवला. बायको बाहेर गेली आणि मी दोन्ही कागद त्याच्यापुढे ठेवले.

त्यानं चुकीचा कागद वाचला. भुवया वर गेल्या. “हे काय रे? मी डाकू होतो काय?”

मग मी त्याला शिक्षेचं सांगितलं. दाते काकांची डिस्क, मी ती मराठीत वाचली, सगळं. तो हसायला लागला. मांडी बडवून हसला, डोळ्यांत पाणी आलं. “म्हणजे जितका शिकलो तितका फसलो! अरे देवा. आणि तो पानवाला बडा बाबू सांगत होता, पढ़े-लिखे आदमी चाहिए!” हसता हसता त्यानं कागद पुन्हा पाहिला, आणि हसू जरा हळू झालं. यादी, आपण दोघं, कोण जाणार होतं. ते सगळं त्याच्या चेहऱ्यावर एकेक करून जुळताना मला दिसलं.

मग त्यानं मला निसटायला वाट करून दिली. मित्रच तो.

“तुला बाद में कळलं असेल ना?” तो म्हणाला. “मी गेल्यावर.”

कूलर घरघरत होता. मी उठून उभा राहिलो होतो, कधी ते कळलं नाही. आम्ही इथली माणसं, अवघड बोलायची वेळ आली की हिंदीत शिरतो. हिंदीत बोललेलं जरा दुसऱ्याच कोणाचं वाटतं, ऑफिसातल्या माणसाचं.

“नहीं,” मी म्हणालो. “पहले ही पता चल गया था. लिस्ट कच्ची थी तब. मैंने चलाके भी देखा था.”

रिकामा पेला विशूनं जमिनीवर ठेवला, मग उचलला, मग पुन्हा ठेवला.

“बस खाली,” तो म्हणाला.

मी बसलो.

“हे ऑफिसचं नाही. मराठीत सांग.”

बाहेर कुठंतरी दार आपटत होतं. मी त्याच्याकडे पाहिलं. किती वर्षांनी, कोण जाणे.

“मला आधीच कळलं होतं, विशू,” मी म्हणालो. “जायचं मला होतं.”